जीवनानुकरणी संगणकीय खेळांतील भावनारचना आणि मॉड-सुविधा : एक विवेचन

सारांश

मानवी दैनंदिन जीवनाचे अनुकरण करणाऱ्या संगणकीय खेळांत पात्रांना भावना देणे आणि खेळाडूंना त्या खेळात स्वतःची भर घालण्याची सोय देणे, हे दोन स्वतंत्र तांत्रिक प्रश्न मानले जातात. ते मुळात एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. भावनेचे कारण, तिची तीव्रता आणि तिचा परिणाम या बाबी आज्ञावलीत बंदिस्त आहेत की वाचता व बदलता येतील अशा स्वरूपात बाहेर मांडलेल्या आहेत, यावर दोन्हींचे यश अवलंबून असते. ‘द सिम्स’ ही मालिका आणि ‘रिमवर्ल्ड’ हा खेळ यांच्या आधारे या रचनेचे विवेचन येथे केले असून, अशा खेळांत नेमके कोणाच्या मनाचे चित्र रेखाटले जाते या सांस्कृतिक प्रश्नाकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : जीवनानुकरणी खेळ, मॉड, भावनारचना, गरज, संहिता, शोक.

१. प्रस्तावना

संगणकीय खेळ हा विषय महाविद्यालयीन चर्चेत आला, तर तो बहुधा विद्यार्थ्यांच्या वेळेच्या अपव्ययासंबंधी येतो. खेळाच्या अंतर्रचनेचा अभ्यास मात्र संगणकशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि साहित्य या चारही विद्याशाखांना उपयुक्त ठरू शकतो. विशेषतः ज्या खेळांत शत्रू नाही, जिंकणे-हरणे नाही, केवळ घर, नोकरी, नाती आणि रोजचे जगणे आहे, त्या खेळांच्या निर्मात्यास एका कठीण प्रश्नास सामोरे जावे लागते. माणूस एखादी गोष्ट का करतो, याचे उत्तर त्याला अंकांत आणि नियमांत लिहून द्यावे लागते. कादंबरीकार हे उत्तर सूचित करून थांबू शकतो. आज्ञावली लिहिणाऱ्यास ती सवलत नाही.

प्रस्तुत लेखात ‘मॉड’ ही संज्ञा मूळ निर्मात्याव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने खेळात केलेली भर किंवा बदल या अर्थाने वापरली आहे. नवे वस्त्र, नवी वस्तू, नवा नियम किंवा संपूर्ण नवी वर्तनव्यवस्था या सर्वांचा तीत समावेश होतो. अशी भर घालता यावी म्हणून निर्मात्याने हेतुपूर्वक केलेल्या व्यवस्थेस ‘मॉड-सुविधा’ असे म्हटले आहे.

२. पूर्वपीठिका : गरजेकडून भावनेकडे

या प्रकारच्या खेळांचा एक आरंभबिंदू म्हणून अ‍ॅक्टिव्हिजनच्या ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ (१९८५) या खेळाचा निर्देश करता येईल. पडद्यावर एका घराचा उभा छेद दिसे आणि त्यात एक गृहस्थ आपल्या कुत्र्यासह राहत असे. त्याची आबाळ झाली तर तो खिन्न दिसे. खेळाडूला त्याची काळजी घेता येई. त्याच्या मनाची घडण मात्र बदलता येत नसे.

१९९६ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘क्रीचर्स’ या खेळात स्टीव्ह ग्रँड यांनी वेगळा मार्ग निवडला. त्यांच्या ‘नॉर्न’ नामक प्राण्यांस कृत्रिम मज्जाजाल, कृत्रिम रसायने आणि जनुके होती. भूक, भीती, एकटेपणा ही रसायनांच्या प्रमाणातून उद्भवणारी स्थिती होती. येथे भावना थेट लिहिलेली नव्हती. ती घटकांच्या परस्परक्रियेतून निपजत होती.

फेब्रुवारी २००० मध्ये मॅक्सिस या संस्थेने विकसित केलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेला ‘द सिम्स’ बाजारात आला. त्याचे रचनाकार विल राइट यांचे घर १९९१ मधील ओकलंडच्या वणव्यात जळाले होते. संसार नव्याने उभा करताना माणसाला कोणत्या वस्तूंची आणि का गरज असते, हा विचार या खेळाच्या मुळाशी होता. आरंभीच्या कल्पनेत वास्तुरचना हा मुख्य विषय होता आणि घरात वावरणारी पात्रे ही त्या रचनेची परीक्षक होती. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो या दोघांच्या विचारांचा प्रभाव या खेळावर आहे. त्यात प्रत्येक पात्राला आठ गरजा होत्या : भूक, आराम, स्वच्छता, मलमूत्रविसर्जन, ऊर्जा, करमणूक, सहवास आणि खोलीची स्थिती. या आठांच्या गोळाबेरजेतून पात्राची एकूण मनःस्थिती ठरे.

‘द सिम्स २’ (२००४) मध्ये इच्छा, भीती, जीवनाकांक्षा आणि स्मृती यांची भर पडली. ‘द सिम्स ३’ (२००९) मध्ये स्वभावविशेष आणि ‘मूडलेट’ म्हणजे मनःस्थितीच्या सुट्या छटा आल्या. २ सप्टेंबर २०१४ रोजी प्रकाशित झालेल्या ‘द सिम्स ४’ मध्ये प्रथमच मनःस्थिती ही चांगली-वाईट अशा एकाच पट्टीवर न मोजता तिला नावे दिली गेली : आनंद, दुःख, राग, संकोच, आत्मविश्वास, एकाग्रता, प्रेरणा, खेळकरपणा, ताण इत्यादी. प्रेरित पात्र उत्तम चित्र काढते, एकाग्र पात्र बुद्धीची कामे जलद शिकते, आणि क्रोध, संकोच अथवा हास्य पराकोटीस गेल्यास पात्राचा मृत्यूही ओढवू शकतो.

हा प्रवास पाहिला असता असे दिसते की, गरज ही शरीराशी निगडित असून ती सर्वांची सारखी असते; भावना मात्र प्रसंगाशी आणि नात्याशी निगडित असते. गरजांची यादी आठांवर थांबवता येते. भावनांची कारणे कोणत्याही यादीत संपणारी नाहीत, आणि मॉड-सुविधेची निकड येथूनच निर्माण होते.

३. वस्तूंमध्ये दडलेले वर्तन

पहिल्या ‘द सिम्स’ची रचना येथे थोड्या तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. फ्रिज कसा उघडावा, त्यातून अन्न कसे घ्यावे, याचे ज्ञान त्या खेळात पात्राकडे नसून फ्रिजकडेच असते. प्रत्येक वस्तू आपल्या परिसरात जणू जाहिरात करीत असते : ‘माझ्यापाशी आल्यास भूक अमुक प्रमाणात शमेल.’ पात्र या जाहिराती ऐकते, आपल्या त्या वेळच्या गरजांनुसार त्यांना कमी-अधिक महत्त्व देते आणि सर्वाधिक लाभ देणाऱ्या मोजक्या पर्यायांतून एक निवडते. वस्तूंचे वर्तन ‘सिमअ‍ॅन्टिक्स’ नावाच्या खास भाषेत लिहिलेले असून ते वस्तूच्या फाईलमध्येच साठवलेले असते.

या रचनेचा परिणाम दूरगामी ठरला. नवी वस्तू खेळात आणली की तिच्यासोबत तिचे वर्तनही येते. मूळ आज्ञावलीस त्या वस्तूची पूर्वकल्पना असण्याची गरज नाही. त्यामुळेच निर्मात्यांना पुढे अनेक विस्तार-संच काढता आले आणि सामान्य खेळाडूंनाही वस्तू, वस्त्रे व चेहरे तयार करून एकमेकांस देता आले. मॉड-सुविधा ही नंतर जोडलेली खिडकी नव्हती. पायाच तसा घातलेला होता.

याउलट, फ्रिज, पलंग आणि दूरचित्रवाणी संच यांची नावे पात्राच्या आज्ञावलीतच लिहिलेली असती, तर प्रत्येक नव्या वस्तूसाठी मूळ संहिता उघडावी लागली असती. वस्तूंच्या बाबतीत जे खरे, तेच भावनांच्या बाबतीतही खरे आहे. ‘अपत्याचा जन्म झाला तर आनंद १० ने वाढवा’ असे वाक्य संहितेच्या पोटात लिहून ठेवले, तर त्या आनंदाला स्पर्श करणे निर्मात्याखेरीज कोणासही शक्य होत नाही.

४. भावना मोजण्याच्या दोन पद्धती

भावनेचे गणित मांडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली बेरजेची पद्धत. ‘द सिम्स ३’ आणि लुडियॉन स्टुडिओजचा ‘रिमवर्ल्ड’ (पूर्ण आवृत्ती २०१८) यांत ती आढळते. ‘रिमवर्ल्ड’मध्ये प्रत्येक अनुभव हा एक ‘विचार’ असतो आणि त्यास धन किंवा ऋण अंक असतो. मेज नसताना जमिनीवर बसून जेवावे लागले तर ३ अंक वजा होतात. सर्व विचारांची बेरीज होऊन ० ते १०० या पट्टीवर मनःस्थिती ठरते. सर्वसाधारण पात्राची मनःस्थिती ३५ च्या खाली गेली की मनोभंगाचा सौम्य धोका, २० च्या खाली मोठा धोका आणि ५ च्या खाली अतितीव्र धोका संभवतो. असा मनोभंग होऊन गेल्यावर पात्राला काही काळ ४० अंकांचा दिलासा मिळतो, ही या खेळातील मार्मिक योजना होय.

दुसरी पद्धत वर्चस्वाची. ‘द सिम्स ४’ मध्ये प्रत्येक छटेला भावनेचे नाव, वजन आणि कालावधी असतो. एकाच भावनेच्या छटांची वजने एकत्र होतात आणि जिचे वजन सर्वाधिक ती भावना पात्राचा ताबा घेते.

दोन्ही पद्धतींचा कस एका परिचित प्रसंगावर लावून पाहता येईल. लेकीच्या पाठवणीच्या वेळी आईच्या मनाची अवस्था काल्पनिक अंकांत मांडू. लग्न निर्विघ्न पार पडले, आनंद ४. घर आप्तेष्टांनी भरले आहे, आनंद १. लेक घर सोडून चालली, दुःख ६. बेरजेच्या पद्धतीने उत्तर येते उणे १, म्हणजे ती माता जवळजवळ निर्विकार ठरते. वर्चस्वाच्या पद्धतीने ती केवळ दुःखी ठरते. मांडवात उभ्या असलेल्या कोणासही ही दोन्ही उत्तरे चूक आहेत हे कळते. पहिल्या पद्धतीत दोन प्रबळ भावना परस्परांस खोडून टाकतात, दुसरीत एक भावना दुसरीस झाकून टाकते. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर समाधान ही संमिश्र अवस्था दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते.

यावर उपाय अशक्य नाही. भावना एकमेकींत न मिसळता स्वतंत्रपणे साठवाव्यात आणि कोणत्या कृतीवर कोणत्या भावनेचा परिणाम व्हावा हे कृतीगणिक ठरवावे, हा त्यांपैकी एक होय. मात्र अशा सुधारणेची संधी अन्य कोणास मिळायची असेल, तर बेरीज करणारा अथवा वर्चस्व ठरवणारा नियमही बदलता येण्याजोगा हवा.

५. कारण, अभिव्यक्ती आणि स्थायित्व

भावनेचे केवळ मापन पुरेसे नाही. तिच्या कारणाचीही मांडणी करावी लागते. अँड्र्यू ऑर्टनी, जेराल्ड क्लोर आणि अ‍ॅलन कॉलिन्स यांनी १९८८ मध्ये मांडलेले प्रारूप संगणकीय पात्रांच्या संदर्भात वारंवार वापरले गेले आहे. त्यात २२ भावनाप्रकार असून त्यांची विभागणी तीन प्रश्नांवर आधारलेली आहे. घडलेली घटना माझ्या उद्दिष्टांस अनुकूल आहे काय? कोणी केलेली कृती माझ्या मूल्यांत बसते काय? समोरची वस्तू वा व्यक्ती मला प्रिय आहे काय? एकाच घटनेने दोन पात्रांत भिन्न भावना का उद्भवतात, याचे उत्तर या प्रारूपातून मिळते. घटना तीच असते. तिचे मूल्यमापन वेगळे असते.

भारतीय वाचकास या ठिकाणी भरताच्या नाट्यशास्त्रातील परिभाषेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. विभाव म्हणजे भावाचे कारण, अनुभाव म्हणजे त्याची दृश्य अभिव्यक्ती, ८ स्थायी भाव आणि ३३ व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे भाव. रससिद्धान्ताचा मुख्य विषय प्रेक्षकाचा आस्वाद हा आहे, पात्राच्या मनाचे यंत्र हा नव्हे. तेव्हा दोहोंची बरोबरी करणे उचित होणार नाही. तथापि भावनारचनेतील उणिवा दाखवण्यास ही विभागणी सोयीची आहे. २०१४ च्या ‘द सिम्स ४’ मध्ये व्यभिचारी भावांची रेलचेल होती, स्थायी भाव दुर्बळ होता. सुंदर सजवलेल्या खोलीत शिरताच पात्र आनंदित होई आणि काही वेळापूर्वीचे दुःख मागे पडे. नोव्हेंबर २०२० मध्ये निर्मात्यांनी एका पात्राच्या मनात दुसऱ्याविषयी दीर्घकाळ टिकणाऱ्या भावनांची भर घातली, ती या उणिवेवरील उपाययोजना म्हणता येईल.

‘मीनिंगफुल स्टोरीज’ या मॉडनेही हेच दुखणे हाताळले आहे. त्याने सहज मिळणाऱ्या आनंदाला लगाम घातला आणि मनःस्थिती सावकाश बदलावी अशी व्यवस्था केली. मूळ खेळातील भावनाविषयक नियम वाचता आणि बदलता येत होते, म्हणूनच अशी दुरुस्ती बाहेरच्या व्यक्तीस करता आली.

६. मॉड-सुविधेचे तीन थर

मॉड-सुविधेचा विचार तीन थरांत करणे उपयुक्त ठरते. पहिला थर दृश्य सामग्रीचा : वस्त्रे, रंग, चेहरे, फर्निचर. येथे खेळाच्या नियमांना धक्का लागत नाही. दुसरा थर माहितीचा. भावनेचे नाव, वजन, कालावधी, तिला कारण होणारी घटना या बाबी स्वतंत्र फाईलमध्ये ठरावीक मांडणीत लिहिलेल्या असतात. ‘रिमवर्ल्ड’मध्ये अशा व्याख्या एक्सएमएल स्वरूपाच्या साध्या मजकूर-फाईलमध्ये असून त्या कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येतात. ‘द सिम्स ४’ मध्येही नियमांचा मोठा भाग एक्सएमएल स्वरूपात असतो. तो पाहण्यास मात्र स्वतंत्र साधन लागते. तिसरा थर संहितेचा. ‘रिमवर्ल्ड’मध्ये सी-शार्प आणि ‘द सिम्स ४’ मध्ये पायथॉन या भाषांतून मॉडकारास नवे वर्तनच लिहिता येते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांतील सीमारेषा कळीची आहे. एखाद्या अनुभवाचे वजन ३ ऐवजी ५ करणे हे माहितीचे काम आहे. परंतु ज्या कारणाची दखलच मूळ खेळ घेत नाही, ते कारण ओळखायला शिकवणे हे संहितेचे काम आहे. निर्मात्याने जितकी अधिक कारणे दुसऱ्या थरात उपलब्ध करून दिली, तितके अधिक लोक संगणकशास्त्राच्या औपचारिक ज्ञानाविना भर घालू शकतात.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. महाराष्ट्रातील एखाद्या मॉडकारास खेळात सुतक आणावयाचे आहे, असे समजू. अनेक हिंदू घरांत मृत्यूनंतर दहा दिवस सुतक पाळले जाते. तपशील जातीनुसार व प्रदेशानुसार बदलतो. दुःखाची तीव्रता आणि दहा दिवसांचा कालावधी लिहिणे सोपे आहे. त्या काळात देवपूजा, गोडधोड आणि सणसमारंभ टाळणे, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागणे, नातलगांनी जेवण आणून देणे, यासाठी कृतींवर बंधने आणि नव्या कृती लागतील. खरी अडचण याहून खोल आहे. अशा खेळांत शोकाचे प्रमाण बहुधा दोन पात्रांमधील जिव्हाळ्याच्या अंकाशी बांधलेले असते. सुतक मात्र जिव्हाळ्यावरून ठरत नाही, भावकीवरून ठरते. वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्या चुलत्याचेही सुतक लागते, आणि जिवाभावाच्या मित्राचे लागत नाही. म्हणजे येथे दोन स्वतंत्र व्यवस्था हव्यात : मनात दाटलेला शोक आणि रूढीने पाळावयाचा आचार. कधी पहिला असतो नि दुसरा नसतो. कधी दुसरा असतो नि पहिला नसतो. ज्या रचनेत पात्राचे प्रत्येक वर्तन भावनेतूनच उगवते, तिच्यात हा भेद दाखवता येत नाही. मॉड लिहू पाहणाऱ्यास हा अडसर जाणवतो, तेव्हा मूळ रचनेतील एक अव्यक्त गृहीतक उघडे पडते : माणूस करतो ते त्याला वाटते म्हणून करतो, हे ते गृहीतक होय.

७. व्यावहारिक अडचणी

मॉड-सुविधा देणाऱ्या निर्मात्यास काही जबाबदाऱ्या पत्कराव्या लागतात. पहिली ओळखीची. दोन मॉडकारांनी ‘शोक’ याच नावाची भावना स्वतंत्रपणे लिहिली, तर खेळाने कोणती घ्यावी? यासाठी प्रत्येक व्याख्येस अद्वितीय ओळख असावी लागते. दुसरी क्रमाची. दोन मॉड एकाच मूळ नियमाची संपूर्ण जागा घेऊ लागले, तर नंतर वाचला जाणारा आधीच्याचे काम पुसून टाकतो. म्हणून संपूर्ण नियम बदलण्याऐवजी त्यातील नेमका अंश बदलण्याची सोय असणे हितावह असते. ‘रिमवर्ल्ड’मध्ये एक्सएमएल व्याख्यांसाठी अशी सोय आहे.

तिसरी जबाबदारी जतन केलेल्या खेळाची. पात्र शोकावस्थेत असताना खेळ साठवला आणि नंतर तो मॉड काढून टाकला, तर साठवलेल्या फाईलमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या भावनेचा उल्लेख उरतो. अशा वेळी खेळ बंद न पडता त्या उल्लेखाकडे दुर्लक्ष करून पुढे जाईल, याची तजवीज करावी लागते. चौथी आवृत्तीबदलाची. मूळ खेळाची नवी आवृत्ती आली की जुने मॉड विसंगत ठरू शकतात. ‘द सिम्स ४’ मध्ये अद्ययावतीकरणानंतर मॉड आपोआप बंद होतात आणि खेळाडूस ते पुन्हा सुरू करावे लागतात.

पाचवी आणि सर्वांत गंभीर जबाबदारी सुरक्षिततेची. माहितीची फाईल फारतर खेळ बिघडवते. संहिता मात्र संगणकावरील अन्य गोष्टींपर्यंत पोहोचू शकते. २०२४ च्या आरंभी ‘द सिम्स ४’ च्या काही मॉडमध्ये घातक संहिता दडवल्याचे उघडकीस आले होते. माहितीचा थर जितका समृद्ध, तितकी अनोळखी संहिता चालवण्याची गरज कमी, हा त्यातून निघणारा धडा होय.

८. कोणाचे मन?

भावनारचना ही मनासंबंधीची एक भूमिका असते आणि भूमिका ही कोणाची तरी असते. दुःखातून बाहेर यायला किती दिवस लागावेत, एकांत हा आराम की शिक्षा, वडीलधाऱ्यांसमोर बोलताना वाटणारा संकोच दोष की मर्यादा, या प्रश्नांची उत्तरे खेळाच्या फाईलमध्ये अंकांच्या रूपाने बसलेली असतात. अंक असल्यामुळे ती तटस्थ भासतात.

दृश्य सामग्रीच्या बाबतीत ही एकांगिता लवकर ध्यानात येते आणि तुलनेने लवकर सुधारते. ‘द सिम्स ४’ मध्ये सावळ्या व काळ्या वर्णछटांची चणचण होती. ती भरून काढण्याचे काम आधी खेळाडूंनी स्वतःच्या मॉडद्वारे केले. डिसेंबर २०२० मध्ये निर्मात्यांनी शंभराहून अधिक नव्या वर्णछटा मूळ खेळात समाविष्ट केल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून प्रेरणा घेतलेला वस्त्रांचा एक छोटा संचही प्रकाशित झाला. मुंबईचा पोशाख अशा रीतीने खेळात आला. तो अंगावर घालणाऱ्या पात्राचे मन मात्र पूर्वीचेच राहिले, कारण वस्त्र पहिल्या थरात असते आणि मन दुसऱ्या-तिसऱ्या थरांत.

अंतरंगातील बदलांस अधिक काळ लागतो. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रकाशित झालेल्या ‘लाइफ अँड डेथ’ या विस्तार-संचाने अंत्यसंस्कार, मृत्युपत्र आणि शोकाचे निरनिराळे प्रकार आणले. मूळ खेळानंतर दहा वर्षांनी, स्वतंत्र मूल्य आकारून, शोकाला एकाहून अधिक रूपे असू शकतात हे तेथे मान्य झाले. जगातील प्रत्येक समाजाच्या चालीरीती एका संस्थेने लिहून पूर्ण कराव्यात अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. तसे करताना त्या ढोबळ होण्याचाच धोका अधिक. ज्याची त्याने लिहावी एवढी जागा मोकळी ठेवणे मात्र शक्य आहे, आणि मॉड-सुविधेचे खरे समर्थन यातच आहे.

९. भाषा-प्रारूपांचे नवे आव्हान

अलीकडे या क्षेत्रास वेगळे वळण लागले आहे. दक्षिण कोरियातील क्राफ्टन या संस्थेचा ‘इनझोई’ हा खेळ २८ मार्च २०२५ रोजी पूर्ण होण्याआधीच्या स्वरूपात विक्रीस आला. त्यातील एका प्रायोगिक सुविधेत पात्राच्या वर्तनासाठी लहान भाषा-प्रारूपाचा वापर केला आहे. पात्राचा स्वभाव खेळाडू वाक्यांत लिहू शकतो आणि त्यानुसार पात्राचे निर्णय बदलतात. मॉडसाठी साधनसंचही २०२५ मध्येच उपलब्ध झाला.

वरवर पाहता हे मॉड-सुविधेचे सर्वांत सुलभ रूप वाटते, कारण आता एक्सएमएलही शिकावे लागत नाही. साधी वाक्ये पुरतात. परंतु येथे एक गोष्ट हातची सुटते. नियमांच्या फाईलमध्ये ‘दुःख ६’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते वाचता येते, त्यावर आक्षेप घेता येतो आणि ते बदलता येते. भाषा-प्रारूपात हे अंक कोट्यवधी गुणकांमध्ये विखुरलेले असतात. पात्र दुःखी का झाले, याचे कारण एखाद्या ओळीत दाखवता येत नाही. ज्या भाषांतील मजकूर अशा प्रारूपांना कमी प्रमाणात उपलब्ध झाला, त्या भाषकांच्या भावजीवनाचे चित्र त्यांत पुसट राहण्याचा संभव आहे, आणि ती त्रुटी फाईल उघडून दुरुस्त करता येणार नाही. दोन्ही पद्धतींचा मेळ घालणे हा मध्यम मार्ग दिसतो : भावनेची कारणे व वजने वाचता येतील अशा नियमांत ठेवावीत आणि भाषा-प्रारूपाकडे केवळ अभिव्यक्तीचे, म्हणजे अनुभावाचे काम सोपवावे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. जीवनानुकरणी खेळात भावना आणि मॉड-सुविधा यांचा विचार आरंभापासून एकत्र करावा लागतो. भावना आधी बंदिस्त संहितेत लिहून नंतर ती खुली करणे कष्टाचे व अपुरे ठरते. भावनेचे कारण, वजन, कालावधी, परिणाम आणि अनेक भावनांचा मेळ घालणारा नियम या पाचही बाबी माहितीच्या थरात असाव्यात. भावना आणि आचार यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असावी, कारण माणूस पुष्कळदा मनाने एक अनुभवतो आणि रीतीने दुसरे करतो.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाचा उपयोग करून घेता येईल. ‘द सिम्स ४’ चा मूळ खेळ १८ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि ‘रिमवर्ल्ड’च्या व्याख्या ज्याच्याकडे तो खेळ आहे त्याला थेट वाचता येतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने माहिती व संहिता यांचे पृथक्करण, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने भावनांचे वर्गीकरण आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने नातेसंबंधांची गृहीतके या फाईलमध्ये शोधावीत, असा संयुक्त प्रकल्प पदवीस्तरावर सहज हाती घेता येईल. आपल्या घरातील एखादा साधा प्रसंग, पाठवणी असो वा सुतक, त्या नियमांत लिहून पाहण्यास विद्यार्थ्यास सांगावे. तो कोठे अडतो, हे त्याने नोंदवावे. त्या नोंदीत खेळाच्या रचनेची मर्यादा तर दिसेलच. पण ज्या गोष्टी आपण न सांगता गृहीत धरतो, त्यांपैकी काही प्रथमच शब्दांत मांडल्या जातील.